एनएफएलची २०११ ची टाळेबंदी : खेळाडूंनी आपलीच संघटना का मोडली?

गोदातीर (धागालेखक)

अमेरिकन फुटबॉलमधील मालक-खेळाडू वाटाघाटींचा विषय निघाला की कोट्यधीश अब्जाधीशांशी भांडत आहेत, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून तो बाजूला सारला जातो. २०११ साली मात्र त्या वाटाघाटींत असे काही घडले की कामगार कायद्यात थोडाही रस असणाऱ्याने थबकावे. मालक दाराला कुलूप लावण्याच्या तयारीत असताना खेळाडूंनी आपली संघटना स्वतःहून मोडली. ११ मार्च २०११ रोजी एनएफएल या ३२ संघांच्या व्यावसायिक लीगमधील खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे एनएफएल प्लेअर्स असोसिएशनने, आपण यापुढे खेळाडूंच्या वतीने वाटाघाटी करणार नाही असे जाहीर केले. त्याच दिवशी टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीस यांच्यासह दहा खेळाडूंनी मिनेसोटातील संघराज्य न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि मध्यरात्रीनंतर मालकांनी टाळेबंदी लागू केली. मालक अंगावर आला की माणसे संघटनेच्या झेंड्याखाली गोळा होतात, हा सर्वत्रचा अनुभव. इथे झेंडाच गुंडाळून ठेवण्यात आला, आणि तोही पूर्ण विचारांती.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २००६ चा सामूहिक करार मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी मान्य केला होता. बफेलोचे राल्फ विल्सन आणि सिनसिनाटीचे माइक ब्राउन एवढे दोघेच विरोधात होते. दोनच वर्षांत, मे २००८ मध्ये, सगळ्याच मालकांनी एकमताने त्या करारातून लवकर बाहेर पडण्याचा ठराव केला. लीगचे वार्षिक उत्पन्न तेव्हा सुमारे ९०० कोटी डॉलर होते. त्यातून सुमारे १०० कोटी मालकांच्या खर्चापोटी आधीच बाजूला काढले जात आणि उरलेल्या रकमेतील जवळपास साठ टक्के खेळाडूंकडे जात. स्टेडियमच्या बांधकामाची कर्जे वाढली आहेत, तेव्हा बाजूला काढायच्या रकमेत आणखी सुमारे १०० कोटींची भर घालावी, हंगामातील सामने १६ चे १८ करावेत आणि नवोदितांच्या करारांना मर्यादा घालावी, अशा मालकांच्या मागण्या होत्या. त्यावर संघटनेचे प्रमुख डिमॉरिस स्मिथ यांचे म्हणणे एकच होते : तोटा होत असेल तर दहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवा. ते हिशेब शेवटपर्यंत पुढे आले नाहीत.

आता संघटना मोडण्याचे कारण. महाविद्यालयीन खेळाडूंची संघांमध्ये वाटणी (ड्राफ्ट), पगारावरील कमाल मर्यादा, खेळाडूने संघ बदलण्यावरील बंधने, हे सगळे मुळात ३२ स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र बसून मजुरीचे दर ठरवण्यासारखे आहे. १८९० च्या शर्मन या मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे ते टिकणे कठीण. पण हीच बंधने संघटनेशी वाटाघाटी करून ठरली असतील तर न्यायालये त्यांना त्या कायद्यातून सूट देतात. १९९६ च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सूट आणखी ताणली आणि वाटाघाटी फिसकटल्या तरी वाटाघाटींचे नाते शिल्लक असेपर्यंत ती लागू राहील असे ठरवले. म्हणजे खेळाडूंची संघटना हीच मालकांची ढाल झाली. संघटना नाहीशी केली तरच मालक उघडे पडतात.

एनएफएलच्या खेळाडूंना मैदान अडवून फारसे कधी मिळालेले नाही आणि जे मिळाले ते कोर्टाच्या पायऱ्या चढून मिळाले, असे माझे मत आहे. जाणकारांनी भर घालावी.

शंकासुर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु सहानुभूतीचा सूर मला पटत नाही. २०१० साली वाटणीत पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड एकही सामना न खेळता सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार घेऊन बसला, आणि त्यातले ५ कोटी हमीचे होते. अशा मंडळींना कामगार म्हणायचे असेल तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. शिवाय संघटना कागदावर मोडायची, तीच माणसे त्याच इमारतीत ठेवायची आणि काम झाले की पुन्हा उभी करायची, हे नाटक नव्हे तर काय?

गोदातीर

@शंकासुर, नाटकाचा आरोप मालकांनीही अगदी याच भाषेत केला होता; राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे त्यांनी तशी तक्रारही दाखल केली होती. ब्रॅडफर्डच्या कराराविषयी मी तुमच्याशी सहमत आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेक अनुभवी खेळाडूही सहमत होते. पुढच्याच वर्षी पहिला निवडला गेलेल्या कॅम न्यूटनला नव्या नियमांनुसार चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. नवोदितांच्या पैशावर कात्री लावायला संघटनेने फारशी खळखळ केली नाही, कारण ज्यांच्या पैशावर कात्री लागणार होती ते अजून तिचे सभासदच नव्हते. प्रत्येक संघटनेच्या इतिहासात अशी एखादी सोयीस्कर तडजोड सापडते.

पण ब्रॅडफर्ड म्हणजे लीग नव्हे. तुलनेसाठी पाहा, २०१० मध्ये नवोदिताचे किमान वार्षिक वेतन ३ लाख २५ हजार डॉलर होते. रक्कम आपल्याला मोठी वाटते. मात्र संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आसपासच असते (लीगला हा आकडा मान्य नाही, ती अधिक सांगते), आणि एनएफएलमधील बहुतेक करारांतील मोठा भाग हमीचा नसतो. गुडघा गेला, संघाने नाव कमी केले, की पुढच्या वर्षांचे आकडे कागदावरच राहतात.

मृण्मयी

धागालेखकाच्या शेवटच्या विधानाला पुरावा द्यायचा तर १९८७ कडे पाहावे लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

त्याआधीचा मोठा संप १९८२ चा. तो ५७ दिवस चालला, हंगाम नऊ सामन्यांवर आला, आणि एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के वाटा ही मुख्य मागणी पदरात पडलीच नाही. पाच वर्षांनी, दुसऱ्या आठवड्याचे सामने संपल्यावर, २२ सप्टेंबर १९८७ रोजी खेळाडू पुन्हा संपावर गेले. या वेळी मुख्य मागणी करार संपल्यावर संघ बदलण्याच्या स्वातंत्र्याची होती. मालकांनी एक आठवडा सामने रद्द केले आणि त्यानंतर थेट बदली खेळाडू मैदानात उतरवले : छाटणीत गेलेले, छोट्या लीगमधले, दुसरीकडे नोकरी करणारे. दूरचित्रवाणी वाहिन्यांनी ते सामने दाखवले आणि अधिकृत गुणतक्त्यात ते धरलेही गेले. जो मोंटाना, लॉरेन्स टेलर, टोनी डॉर्सेट, रँडी व्हाइट यांच्यासारखे तारे एकेक करून संप मोडून आत गेले, तेव्हा बाहेर फलक घेऊन उभ्या असलेल्यांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते.

शेवट तर फारच अपमानास्पद होता. १५ ऑक्टोबरला संघटनेने कोणत्याही कराराविना संप मागे घेतला, खेळाडू परत आले, आणि मालकांनी त्यांना सांगितले की त्या आठवड्याची हजेरीची मुदत आदल्याच दिवशी संपली आहे, तेव्हा येत्या सामन्यांत बदली खेळाडूच खेळतील. परत आलेल्यांचा त्या आठवड्याचाही पगार बुडाला. वॉशिंग्टनच्या संघातील एकही खेळाडू संप मोडून गेला नव्हता. त्यांच्या बदली खेळाडूंनी मात्र तिन्ही सामने जिंकले आणि त्या हंगामाचा सुपर बोल हा अंतिम सामनाही वॉशिंग्टननेच जिंकला. एकजूट राखणाऱ्यांना विजेतेपद मिळायला त्यांच्याच संपावर पाणी फिरवणाऱ्यांचा हातभार लागला, याहून विचित्र हिशेब दुसरा नसेल.

परंतु ज्या दिवशी संप मागे घेतला त्याच दिवशी संघटनेने मिनियापोलिसच्या न्यायालयात दावाही दाखल केला. तिथून पुढची कथा @वकीलबाबू यांनी सांगावी.

वकीलबाबू

@मृण्मयी, आज्ञा शिरसावंद्य. तो दावा पॉवेल खटला म्हणून ओळखला जातो. १९८९ मध्ये आठव्या सर्किटच्या (मिनेसोटासह काही राज्यांच्या गटाच्या) अपील न्यायालयाने तो खेळाडूंच्या विरोधात निकाली काढला आणि वाटाघाटींचे नाते असेपर्यंत मक्तेदारीविरोधी कायदा वापरता येणार नाही असे सांगितले. संघटनेचे प्रमुख जीन अपशॉ यांनी त्या निकालाचा सरळ अर्थ लावला : नातेच नको. संघटनेने सामूहिक वाटाघाटींचा अधिकार सोडला आणि पुढचे दावे वैयक्तिक खेळाडूंच्या नावाने लावले गेले. त्या काळी प्रत्येक संघाला ३७ खेळाडू राखून ठेवता येत आणि फक्त उरलेल्यांनाच बाजारात जाता येई. फ्रीमन मॅकनील आणि इतर सात जणांच्या खटल्यात सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने ही पद्धत बेकायदा ठरवली. पाठोपाठ रेगी व्हाइट यांच्या नावाने सर्व खेळाडूंच्या वतीने दावा आला, आणि १९९३ मध्ये मालकांनी तडजोड केली. संघ बदलण्याचे खरे स्वातंत्र्य त्या तडजोडीतून आले. बदल्यात १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादा आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलर प्रति संघ. संघटना पुन्हा उभी राहिली ती या तडजोडीला सामूहिक कराराचे रूप देण्यासाठी.

म्हणून @शंकासुर यांचा नाटकाचा आरोप अर्धाच खरा आहे. १९८९ ते १९९३ या काळात खेळाडूंना सामूहिक कराराचे कोणतेही संरक्षण नव्हते, आणि ही किंमत चार वर्षे मोजली गेली. २०११ मध्ये तीच चाल अवघ्या साडेचार महिन्यांत आटोपली, त्यामुळे ती नाटकी दिसली.

त्या साडेचार महिन्यांतील न्यायालयीन प्रवासही पाहण्यासारखा आहे. आधी १ मार्चला न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी मालकांना मोठा दणका दिला. मालकांनी वाहिन्यांशी करार करताना अशी तजवीज केली होती की २०११ मध्ये एकही सामना झाला नाही तरी सुमारे ४०० कोटी डॉलर हातात यावेत. खेळाडूंच्याही हिताचे जास्तीत जास्त उत्पन्न मिळवण्याचे जे बंधन मालकांवर होते, ते त्यांनी टाळेबंदीचा विमा उतरवण्यासाठी मोडले, असे डॉटींनी म्हटले. मग २५ एप्रिलला न्यायाधीश सुसान नेल्सन यांनी टाळेबंदी उठवण्याचा आदेश दिला. मालक आठव्या सर्किटकडे धावले, आणि ८ जुलैला तिथे दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला की कामगार तंट्यात असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. आधार होता १९३२ च्या नॉरिस-ला गार्डिया कायद्याचा. संपकऱ्यांवर उठसूट मनाई हुकूम बजावणाऱ्या न्यायाधीशांना आवर घालण्यासाठी केलेला हा कायदा ऐंशी वर्षांनी ३२ धनाढ्य मालकांची टाळेबंदी वाचवण्यासाठी वापरला गेला. माझ्या मते ही न्यायालयाची ओढाताण होती. खंडपीठातील तिसऱ्या न्यायाधीशांनीही तसा असहमतीचा निकाल लिहिला आहे.

गोदातीर

नेल्सन यांच्या आदेशानंतरच्या चार दिवसांविषयी लिहायचे राहून गेले होते. २६ एप्रिलला काही खेळाडू आपापल्या संघांच्या इमारतींत पोहोचले. त्यांना आत घेतले गेले, परंतु व्यायामशाळेत जाऊ दिले नाही, कारण आदेशाचा अर्थ काय लावायचा हे संघांनाच ठाऊक नव्हते. २८ तारखेच्या रात्री न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये खेळाडूंच्या वाटणीचा सोहळा झाला आणि लीगचे आयुक्त रॉजर गुडेल व्यासपीठावर येताच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. २९ तारखेला सकाळी दरवाजे रीतसर उघडले. खेळाडूंनी प्रशिक्षकांची भेट घेतली, डावपेचांच्या वह्या ताब्यात घेतल्या, आणि संध्याकाळी अपील न्यायालयाची तात्पुरती स्थगिती आल्याने दरवाजे पुन्हा बंद झाले. ज्यांच्या हाती वही आली ते नशीबवान, कारण पुढे जवळजवळ तीन महिने प्रशिक्षकाशी बोलायचीही सोय नव्हती. न्यू ऑर्लिन्सच्या खेळाडूंचा सराव ड्रू ब्रीसने टुलेन विद्यापीठात स्वतःच चालवला. आरोग्य विम्याचा हप्ताही ज्याचा त्याने भरायचा होता. ज्यांच्या घरी बाळंतपण तोंडावर आले होते किंवा ज्यांची शस्त्रक्रिया नुकती झाली होती, त्यांना त्याची झळ अधिक बसली.

विस्कॉन्सिनकर

हिशेबाच्या वह्यांविषयी एक भर घालतो. ३२ संघांपैकी ग्रीन बे पॅकर्स हा एकच संघ सार्वजनिक मालकीचा असल्यामुळे त्याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध होतो. (टाळेबंदी संपल्यावर, २०११ च्या डिसेंबरमध्ये समभागांची विक्री निघाली तेव्हा २५० डॉलर मोजून मीही एक घेतला. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही, किंमत वाढत नाही. चौकटीत घालून भिंतीवर लावणे हा त्याचा एकमेव उपयोग आहे.) मार्च २०१० अखेरच्या वर्षात पॅकर्सचा व्यवहारातील नफा आदल्या वर्षीच्या सुमारे २ कोटी डॉलरवरून १ कोटीच्या आत आला होता आणि मालकांची बाजू मांडणारे तोच आकडा पुढे करीत असत. खेळाडूंचा खर्च वाढल्यामुळे नफा घटला, हे त्या ताळेबंदातून खरोखर दिसत होते. प्रश्न उरलेल्या ३१ संघांचा होता. लीगमधील सर्वांत लहान गावातील संघाचा ताळेबंद दाखवून डॅलस किंवा न्यूयॉर्कच्या संघाची परिस्थिती सिद्ध होत नाही, आणि नेमक्या त्या वह्या कपाटात राहिल्या.

शंकासुर

माहितीबद्दल आभार. मग एवढे सांगा : न्यायालयात मालक जिंकले, हिशेब त्यांनी दाखवले नाहीत, तरीही ८ जुलैच्या निकालानंतर अडीच आठवड्यांत समझोता कसा झाला? आणि शेवटी कोणाचे पारडे जड राहिले?

वकीलबाबू

समझोत्याचे कायदेशीर कारण असे की त्या निकालाने फक्त मनाई हुकूम नाकारला होता. टाळेबंदी मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते की नाही, हा मुख्य प्रश्न न्यायालयाने तसाच ठेवला होता, आणि भंग सिद्ध झाला असता तर त्या कायद्यानुसार भरपाई नुकसानीच्या तिप्पट द्यावी लागली असती. खेळाडू हरले तरी डोक्यावरची टांगती तलवार गेली नव्हती.

गोदातीर

व्यवहारातले कारण दिनदर्शिकेत आहे. खेळाडूंचा पगार तेव्हा हंगामातील आठवड्यांच्या हिशेबाने, सप्टेंबरपासून मिळे. मार्च ते जुलै या काळात काहींचे बोनस अडकले, पण पगार कोणाचा बुडत नव्हता. मालकांची झीज मात्र ऑगस्टमधील हंगामपूर्व सामन्यांपासूनच सुरू होणार होती, कारण त्या निरस सामन्यांची तिकिटेही तेव्हा हंगामाच्या पासात पूर्ण किमतीला गळ्यात मारलेली असत. त्यामुळे जुलैचा शेवट ही दोन्ही बाजूंना सोयीची वेळ ठरली. २१ जुलैला मालकांनी ३१-० मतांनी मान्यता दिली, रेडर्सचा संघ तटस्थ राहिला. २५ जुलैला खेळाडूंच्या प्रतिनिधींनी होकार दिला. बुडाला तो एकच सामना, ऑगस्टमधला हॉल ऑफ फेमचा प्रदर्शनीय सामना. २५ जुलैलाच वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर इंडियानापोलिसचा खेळाडू जेफ सॅटर्डे याने न्यू इंग्लंडचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांना मिठी मारली. क्राफ्ट यांच्या पत्नीचे पाचच दिवसांपूर्वी कर्करोगाने निधन झाले होते, आणि तिच्या आजारपणातही ते वाटाघाटींना येत राहिले होते.

पारडे कोणाचे जड, याचे उत्तर पैशाच्या बाबतीत सरळ आहे : मालकांचे. खेळाडूंचा वाटा दहा वर्षांसाठी एकूण उत्पन्नाच्या किमान ४७ टक्क्यांवर आला; आधी तो पन्नासच्या आसपास होता. लीगचे उत्पन्न पुढे ज्या वेगाने वाढले ते पाहता हे दोन-तीन टक्के फार महाग पडले. बदल्यात १८ सामन्यांची मागणी मागे गेली, दिवसातून दोनदा होणारे अंगमेहनतीचे सराव बंद झाले, पूर्ण संरक्षक पोशाखातील सराव हंगामात १४ वर आले, संघांवर किमान खर्चाचे बंधन आले आणि १९९३ पूर्वीच्या निवृत्तांसाठी सुमारे ६२ कोटी डॉलरचा निधी ठरला. सरावावरील मर्यादेचे महत्त्व तेव्हा अनेकांना कळले नाही, पण मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांविषयी जे पुढे बाहेर आले ते पाहता मला ती त्या करारातील सर्वांत मोलाची कमाई वाटते.

मृण्मयी

आणि सर्वांत महागात पडलेले कलम? शिस्तभंगाच्या प्रकरणात शिक्षा देणारा आणि त्यावरील अपील ऐकणारा, दोन्ही अधिकार एकाच आयुक्ताकडे ठेवणारे कलम ४६. पैशाची ओढाताण चालू असताना त्याकडे दुर्लक्ष झाले. चेंडूतील हवा कमी केल्याच्या प्रकरणात एप्रिल २०१६ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या न्यायालयाने चार सामन्यांची बंदी पुन्हा लागू केली, ती करारानेच आयुक्तांना हा अधिकार दिला आहे या कारणास्तव. बंदी भोगणारा खेळाडू होता टॉम ब्रेडी, २०११ च्या दाव्यातील पहिले नाव.

विस्कॉन्सिनकर

२०२० च्या कराराचा उल्लेख या चर्चेत यायला हवा, कारण न्यायालयाची पायरी न चढता काय मिळते ते तिथे दिसते. वाटा ४८ टक्क्यांच्या थोडा वर गेला आणि किमान वेतनात चांगली वाढ झाली, पण २०२१ पासून १७ वा सामना आला. मतदान झाले १,०१९ विरुद्ध ९५९. आमच्या पॅकर्सचा तेव्हाचा तारा ॲरन रॉजर्स उघडपणे विरोधात होता. किमान वेतनावरील खेळाडूला तातडीने मिळणारे लाखभर डॉलर आणि ताऱ्याला नकोसा वाटणारा जादा सामना, या दोन्हींचे एका मतपत्रिकेत जमणे अवघडच होते. साठ मतांचा फरक पाहता मालकांना संघटनेत फूट पाडण्याची गरजही पडली नाही.

शंकासुर

मग पुढच्या वेळी खेळाडू पुन्हा संघटना मोडतील काय?

वकीलबाबू

आठव्या सर्किटचा निकाल त्या सर्किटमधील राज्यांपुरताच बंधनकारक आहे, त्यामुळे पुढचा दावा मिनेसोटात न लावता अन्यत्र लावला जाईल एवढे नक्की. नोव्हेंबर २०११ मध्ये बास्केटबॉलपटूंनीही हीच चाल केली होती आणि त्यांचा समझोता दोन आठवड्यांत झाला. दरम्यान संघटनेचे घर मात्र सुस्थितीत नाही. २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार मिळाल्यावर, असे करार पुन्हा होऊ नयेत म्हणून लीगने मालकांना प्रोत्साहन दिले, असा निष्कर्ष लवादाने काढला. मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचे सिद्ध झाले नाही असेही त्याने म्हटले. हा लवादाचा निकाल जून २०२५ मध्ये फुटेपर्यंत लीगने तर दडवलाच, पण संघटनेनेही आपल्याच सभासदांना दाखवला नव्हता. त्यानंतर महिन्याभरात प्रमुख लॉइड हॉवेल यांना इतरही वादांमुळे पायउतार व्हावे लागले.

गोदातीर

सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंतचा आहे. मालकांना १८ वा सामना त्याआधी हवा आहे आणि करारात तो नसल्यामुळे संघटनेच्या संमतीशिवाय तो आणता येत नाही. २०११ मध्ये जी मागणी खेळाडूंनी अडवली आणि २०२० मध्ये एका सामन्यापुरती सोडली, तिचा दुसरा हप्ता आता त्यांच्या हातात आहे. त्याच्या मोबदल्यात दुसरा विश्रांतीचा आठवडा, वाट्यात वाढ आणि हमीचे करार या तिन्हींपैकी काय मागायचे, हे ठरवण्याआधी त्यांनी हिशेबाच्या वह्या पुन्हा मागाव्यात असे मला वाटते. एव्हाना वाहिन्यांचे नवे करार झाल्यामुळे त्या वह्यांत तोटा दाखवणे मालकांना २०११ पेक्षा बरेच जड जाईल.